काळ्या कोटाची घडी

मी कोट. काळा, लोकरीचा, पोटरीपर्यंत लांब, आणि डावी बाजू उजवीपेक्षा वीतभर जास्त लोंबणारा. ते लोंबणं आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहणारं प्रत्येक मराठी माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतं. शिंप्याची चूक नाही ती. मला तसंच कापलंय. बोलायची मला सवय नाही, कपाटात राहणाऱ्याला ऐकायचीच सवय लागते. पण एका गोष्टीबद्दल गप्प राहणं मला जमत नाही, म्हणून आज बोलतो.

माझा जन्म जपानमधला. त्यातलं जे आठवतं ते झोपेत ऐकलेल्या गोष्टीसारखं आहे. एक जुना, संथ माग होता. मी त्यावर ताणलेला होतो आणि शेजारी कुणीतरी रेडिओ लावून ठेवला होता. मग गरम पाणी आलं. लोकरीचं कापड उकळून आटवतात, म्हणजे ते दाट आणि मऊ होतं. थंडीत पांघरुणात अंग चोरून घ्यावं तसा मी स्वतःतच शिरत गेलो. मग रंग. काळ्या रंगाच्या हौदात मला बुडवलं, वाळवलं आणि पुन्हा बुडवलं. दुसऱ्यांदा खाली जाताना खिडकीतलं आभाळ दिसत होतं. ते हळूहळू बारीक होत मिटलं. त्या आभाळाचा शेवटचा तुकडा अजून माझ्या आत कुठेतरी आहे असं मला वाटतं.

ज्या गृहस्थांचं नाव माझ्या गळ्यापाशी शिवलंय, त्यांना मी एकदाच पाहिलं. त्यांनी मला जमिनीवर सपाट पसरलं, चार पावलं मागे गेले, बराच वेळ पाहत राहिले आणि नुसती मान हलवली. मग माझी घडी झाली. वर पातळ पांढरा कागद आला.

घडीत राहणं ही झोप नव्हे आणि जागही नव्हे. बोटीत बसल्यावर किनारा सुटल्याचं कळतं आणि कळतही नाही, तसं काहीतरी. समुद्र ओलांडला तेव्हाही मला फक्त डोलणं जाणवलं. आम्हा वस्त्रांचं असं आहे की कुणाचा तरी ऊबदार खांदा आत शिरला की आम्ही जागे होतो. तोवर आम्ही नुसतं कापड.

न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या एका दुकानात मी मागच्या खोलीतल्या खणात पडून होतो. बाहेर माझा जुळा भाऊ टांगलेला होता, गिऱ्हाइकांनी घालून पाहायला. मी कागदात. सन दोन हजार सहाचा नोव्हेंबर असावा. दार उघडं होतं, त्यामुळे आवाज येत होते.

"दुकान बंद होतंय का गं?" एक बाई मराठीत विचारत होती. "सगळा माल संपलेला दिसतोय."

"आई, हळू. असंच असतं हे."

"मग बसायचं कुठे? गादीबिदी?"

या शोभनाबाई. नागपूरच्या. इतवारीतल्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून समोर साड्यांचा ढीग उलगडून घ्यायची त्यांना सवय. इथे सिमेंटच्या फरशीवर हातहात अंतर सोडून एकेक कपडा लटकत होता, जणू त्यांची आपसात भांडणं झाली होती. सोबत होती त्यांची सून हिमानी. वाढली ठाण्यात, शिकली पुण्यात आणि आता मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत नवऱ्याबरोबर राहून सॉफ्टवेअर लिहीत होती. ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आली होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूला घरी एकटी का ठेवायची, म्हणून बरोबर घेऊन आली. कॉलेजात असताना एका मासिकात तिनं माझ्या घराण्यातल्या एका कोटाचा फोटो पाहिला होता. तो कापून वसतिगृहाच्या कपाटाला आतून चिकटवला होता. आपल्या गावात असती तर ती या दुकानाच्या दारातूनच परतली असती. पण प्रवासात माणसाला कुणी ओळखत नाही, आणि मग ते स्वतःची एक जुनी इच्छा ओळखायला मोकळं होतं.

दुकानातली विक्रेती पुढे आली. तिची नजर आधी शोभनाबाईंच्या पायांकडे गेली. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज होते आणि वर मरून स्वेटर. तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, तुम्ही कुठला पत्ता शोधताय का. मला तेव्हा पहिला राग आला. कागदातल्या कागदात.

हिमानी सरळ हँगरपाशी गेली. तिनं माझा जुळा भाऊ हँगरवरून काढला आणि अंगात घातला.

शोभनाबाई हसल्या. "एक बाजू खाली आलीये की. अर्धवट शिवूनच दिलाय." मग त्या थांबल्या. "जरा चालून दाखव." हिमानी चालली. "पुन्हा चाल." ती पुन्हा चालली. शोभनाबाई एवढंच म्हणाल्या, "हं." तो हुंकार कसला होता हे मला आतून कळलं. कापडाला कळतं. हिमानीला मात्र फक्त ते हसणं लक्षात राहिलं.

तिनं न उघडलेला कोट मागितला, आणि मी तिचा झालो.

परतीच्या बसमध्ये माझी पिशवी शोभनाबाईंच्या मांडीवर होती. नदीखालच्या बोगद्यात बस शिरली. पिवळे दिवे एकामागून एक खिडकीवरून वाहत होते आणि वर सगळी नदी होती. त्या संथ पिवळ्या उजेडात शोभनाबाई बोलायला लागल्या. मोठ्यांदा नव्हे, जुन्या गाण्याचे शब्द आठवावेत तसं.

नागपूरला त्यांच्या गल्लीत कुणाकडेही नवी साडी आली, की ती आधी त्यांच्याकडे यायची. घडी मोडायला. नवं वस्त्र आपण स्वतः पहिल्यांदा नेसायचं नाही, आपल्या माणसाला नेसायला द्यायचं, त्यानं घडी मोडली की मग आपण. मायेची रीत आहे ती. आणि शोभनाबाई साडी अशा नेसायच्या की बायका म्हणायच्या, तुमच्या अंगावरून आली की साडी शहाणी होते. दिवाळीच्या आधी त्यांच्या पलंगावर चार चार घरांच्या साड्या असायच्या. त्या सकाळी एक नेसायच्या, दुपारी दुसरी. गुरुनाथराव, त्यांचे यजमान, म्हणायचे, आज कुणाच्या घरची आहेस.

हिमानी हसली. "मग याची घडी तुम्हीच मोडा ना, आई."

बस बोगद्यातून उजेडात आली. "आता मी कुठे, बाळा," शोभनाबाई म्हणाल्या. "हे होते तेव्हाची गोष्ट ती."

तेवढ्यात हिमानीचा फोन वाजला. ऑफिसचा होता. बोलून झाल्यावर तिनं विचारलं, काय म्हणत होता तुम्ही? शोभनाबाई म्हणाल्या, काही नाही.

मी ऐकलं होतं, त्यांनी न बोललेलंही. गुरुनाथराव जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यानंतरच्या दिवाळीला एकही साडी आली नाही. कुणी काही बोललं नाही, हे लक्षात घ्या. टिकली लावा, रंगीत नेसा, अमेरिकेला जा, सगळ्याला सगळ्यांची संमती होती. नव्या विचारांची माणसं होती ती. फक्त नव्या साड्या त्यांच्या दारावरून पुढे जाऊ लागल्या.

आणि याहून वाईट एक गोष्ट होती. शोभनाबाईंना स्वतःलाही ते पटलं होतं. आपल्या हातानं दुसऱ्याच्या नव्या वस्तूला काही लागेल, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. माझी पिशवी त्यांनी मांडीवर धरली होती, पण दोन बोटांनी, फक्त बंदांना.

पार्सिपनीत त्या दोघी हिमानीच्या मैत्रिणीकडे, गिरिजाकडे उतरल्या होत्या. घरी पोचल्यावर चहाचं आधण चढलं आणि हिमानीनं मला जेवणाच्या टेबलावर ठेवून कागद उलगडला.

"आई, या. तुम्हीच घाला आधी."

मी वाट पाहत होतो. शोभनाबाई जवळ आल्या. त्यांचा हात पुढे आला आणि माझ्या गळपट्टीवर चार बोटं टेकली. कोमट होती. एवढ्यानंच माझ्यात काहीतरी हललं, पहाटे पडदा हलतो तसं.

"अगं, काकूंना कशाला?" गिरिजा ओट्याजवळून म्हणाली. "दे इकडे, मी मोडते घडी."

बोटं उचलली गेली.

गिरिजा वाईट बाई नव्हती. तिनं आपला पलंग शोभनाबाईंना दिला होता आणि स्वतः सोफ्यावर झोपत होती. त्यांचे दात दुखतात म्हणून मुद्दाम मऊ भात करत होती. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं ते वाक्य मीठ पुढे करावं तितक्या सहज उच्चारलं, त्याचाच मला संताप आहे.

"हो, गिरिजालाच दे," शोभनाबाई घाईनं म्हणाल्या. "मला नको तो." आणि त्या कपबशा मांडायला गेल्या.

हिमानीच्या कानात एवढंच राहिलं: मला नको तो. दुकानातलं हसणं आणि हे वाक्य तिनं एकत्र केलं. तिला वाटलं, आईंना कोट आवडलेला नाही. वेडावाकडा, वर काळा, आणि सुनेनं असल्या दुकानात जाऊन घेतलेला. तिनं मला पुन्हा कागदात गुंडाळलं. शोभनाबाई आंघोळीला गेल्यावर ती गिरिजाला म्हणाली, "उद्या रिटर्न करते यार. त्यांना नाही आवडला. रोज त्यांच्यासमोर घालून फिरायचं, मला नाही जमणार."

गिरिजाला खरं कारण माहीत होतं. तिच्या हातातली गाळणी क्षणभर थांबली. मग ती चहा गाळत राहिली.

तुम्हाला वाटेल, दुकानात परत गेलो तर कोटाचं काय बिघडतं. दुसरं कुणी घेईल. खरं आहे. पण त्या चार बोटांनंतर मला दुसरं कुणी नको होतं. आणि मी परत गेलो असतो तर शोभनाबाईंनी जन्मभर हेच धरून ठेवलं असतं, की आपण नुसता हात लावला आणि पोरीची हौस मोडली. सकाळी हिमानीनं परत करायचं सांगितलं तेव्हा त्यांनी "बरं" म्हटलं होतं, आणि आपला तो हात पदराखाली घेतला होता.

दुकानात तीच विक्रेती होती. काही पसंत पडलं नाही का, तिनं विचारलं. हिमानी म्हणाली, घरी आवडला नाही. शोभनाबाई दाराजवळच्या लाकडी बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पर्स धरून.

परत घेण्याची अट एकच होती, कोट कुणी घातलेला नसावा. विक्रेतीनं मला काउंटरवर पसरलं. गळपट्टी उजेडात धरली. बाह्यांची टोकं उलटी केली. मग वाकली आणि मला काखेत हुंगलं. हुंगता हुंगता तिची नजर बाकाकडे गेली. परत आली आणि पुन्हा गेली. या बाईंनी तर घातला नाही ना, तिनं विचारलं.

हिमानीचा आवाज चढला. आपल्या सासूचा अपमान होतोय हे तिला कळलं, आणि सासूची बाजू घ्यायला तिनं जे तोंडाशी आलं ते इंग्रजीत ठणकावून सांगितलं: नाही. त्यांनी याला हातसुद्धा लावलेला नाही.

शोभनाबाईंना इंग्रजी बोलायला जड जायचं, कळायला नाही.

त्या उठल्या. काउंटरपाशी आल्या. "लावलाय," त्या म्हणाल्या. "हिमानी, सांग तिला. हात लावलाय मी."

"आई, अहो, ती फक्त विचारतेय..."

"ती काय विचारतेय ते मला कळतंय. हे मी ओळखते."

त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली. स्वेटर काढून त्याची नीट घडी केली आणि पर्सवर ठेवली. मग मला उचललं. आधी उजवा हात, मग डावा. बाहीला लटकणाऱ्या लेबलाचा दोरा त्यांनी दातांनी तोडला आणि ते लेबल विक्रेतीसमोर ठेवलं. भांडी घासून झाल्यावर शेवटची वाटी पालथी घालावी, तितक्या शांतपणे.

आणि मी जागा झालो.

कसं सांगू. खोबरेल तेलाचा वास, खळ दिलेल्या सुती साडीची खरखर, आणि एक थरथर. ती थरथर थंडीची नव्हती. सगळा काळा रंग माझ्यात एकदम ऊब धरू लागला. रंगाच्या हौदात मिटलेलं ते आभाळ कुणीतरी हळूच उघडलं. जपानमधल्या त्या गृहस्थांनी मला जमिनीवर पसरून जे पाहिलं होतं, ते मला आता दिसलं. माझी लांब बाजू साडीच्या निऱ्यांवरून खाली आली आणि तिथेच स्थिरावली. ती जागा तिचीच होती.

हिमानी पाहत राहिली. "पण तुम्हाला आवडला नव्हता ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. मला नको म्हणालात."

"भीती वाटली मला. माझा हात लागला आणि तुझं काही बरंवाईट झालं तर?" त्या थांबल्या. "अजून वाटतेय. पण ही असं हुंगायला लागली, ते नाही सहन झालं."

हिमानीला काल बसमध्ये फोन वाजण्याआधीचं वाक्य आता ऐकू आलं असावं. गिरिजाचंही. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येऊन बसताना मी पाहिली.  ती पुढे झाली, वाकली आणि माझी बटणं लावू लागली, खालून वर. "थांबा," ती म्हणाली, "वरचं राहिलंय."

त्या दिवशी शोभनाबाईंनी मला काढलं नाही. दगडी रस्त्यांवरून आम्ही चाललो. नदीकाठी वारा होता, तो मी अडवला. बोगद्यातून परत येताना त्यांचा डोळा लागला आणि मी जागा राहिलो. दिवे वाहत होते. पार्सिपनीत गिरिजानं दार उघडलं, मला शोभनाबाईंच्या अंगावर पाहिलं, "छान दिसतंय, काकू," म्हणाली आणि शिट्टी झालेली नसतानाच कुकर बघायला गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. पण माझा खरा हिशेब व्हायचा होता.

ईडन प्रेरीला जानेवारीत बर्फ असा पडतो की आवाजच नाहीसे होतात. घरं, गाड्या, झाडं, सगळं कुणीतरी पांढऱ्या कागदात घालून ठेवल्यासारखं. अशाच एका सकाळी हिमानी मला घालून ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरली, आणि तिचा पाय सरकला. पडताना तिनं हात टेकला. मनगट मोडलं. इस्पितळात नर्स माझी बाही कापायला कात्री घेऊन आली. हिमानी नाही म्हणाली आणि ओठ चावत तिनं स्वतःच हात बाहेर ओढला. अस्तर फाटलं, मी वाचलो.

तिचा नवरा अनीश तिला घरी घेऊन आला. शोभनाबाईंनी प्लास्टर पाहिलं आणि मग मला, खुर्चीवर, पाणी गळत असलेला. त्या खाली बसल्या. अनीश म्हणाला, आता आठवडाभर माझ्या हातची खिचडी. कुणी हसलं नाही. शोभनाबाई आपल्या तळहाताकडे पाहत होत्या. मला वाटलं, संपलं. पुन्हा तो हात पदराखाली जाणार.

तेवढ्यात गिरिजाचा फोन आला. अनीशनं तो स्पीकरवर टाकला. तिला खरंच काळजी वाटत होती. प्लास्टर किती दिवस, दुखतंय का, सगळं विचारून झालं. मग ती जरा चाचरली आणि म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण मी तेव्हाच म्हणत होते की..."

पुढचं तिनं म्हटलं नाही. ते कधीच कुणी म्हणत नाही.

 बाहेर बर्फ पडत होता. हिमानी काही बोलायला गेली, पण शोभनाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. तोच हात.

"गिरिजा," त्या म्हणाल्या, "इथे बर्फ आहे. बर्फावर माणूस पडतो. तुमच्याकडेही पडेल, तू जपून चाल."

मग त्या उठल्या, मला मोरीत नेऊन झटकलं आणि सुई-दोरा घेऊन माझं अस्तर शिवायला बसल्या. हिमानीला म्हणाल्या, कोटाला काही झालेलं नाही. ते बूट मात्र टाकून दे.

आता दोन हजार आठचा हिवाळा आहे. शोभनाबाई कधीच्या नागपूरला गेल्या. माझ्या बाह्यांची टोकं झिजलीत, कोपरापाशी लोकर पातळ झालीय. त्या गल्लीत त्यांच्याकडे साड्या पुन्हा येऊ लागल्या का, हे मला माहीत नाही. फोनवर हिमानी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. एका कोटानं कसली गल्ली बदलते.

पण तुम्ही, जे हे ऐकताय, तुमच्याही घरात सणाला नवं वस्त्र येईल. ते कुणाला द्यायचं नाही, हे तुम्ही न बोलता ठरवाल. इतक्या हळू ठरवाल की तुम्हाला वाटेल, ते कुणाला ऐकू गेलं नाही. आम्हाला ऐकू येतं. घडीत असलो तरी ऐकू येतं. तिलाच द्या ते. तिला बोलवा, तिच्या हातात ठेवा, आणि ती नको म्हणाली तर एकदा आणखी म्हणा. एवढंच मागतो. आम्हाला कोण जागं करतं याचं आम्हाला काही वावडं नसतं. आम्हाला फक्त ऊब लागते.

हिमानी गाडीची किल्ली शोधतेय. बाहेर पुन्हा सगळं पांढरं झालंय. तिचा खांदा येईल आता.

येतो मी.